टांगा चौकावरचं मौनछत

टांगा चौकात कोणी जिवाच्या आकांतानं ओरडलं तरी मान वळवून बघायची पद्धत नव्हती. बघणार तरी कोण? दिवेलागण झाली की तिथं सगळेच ओरडत असत. गिलावडेवाला ओरडे, संत्र्यांची गाडीवाली ओरडे, टॉकीजसमोरचे रिक्षावाले ओरडत, आणि अडतीवरचे हमाल तर एकमेकांची प्रेमानं विचारपूस करतानाही भांडल्यासारखे बोलत. त्यामुळं त्या चौकाचा एक वेगळाच रिवाज पडला होता. खरोखर काही घडलं, म्हणजे मूल हरवलं, बैल उधळला, कोणाला फेफरं आलं, की जवळच्या गाडीवरचा माणूस झारा उचलून कढईच्या काठावर मारायचा. तीन ठोके, एक श्वास थांबायचं, पुन्हा तीन ठोके. ते ऐकून शेजारचा तव्यावर उचलायचा, त्याच्या पुढचा पातेल्यावर. बघता बघता अख्खा चौक एका तालात वाजायचा, आणि माणसं जागच्या जागी थांबायची. थांबून खाली बघायचं आणि जवळ जे मूल असेल त्याचा हात धरायचा, मग ते कोणाचं का असेना. घोडा बुजला तर पोरं चाकाखाली जाऊ नयेत म्हणून टांग्यांच्या काळात हे सुरू झालं होतं. टांगे गेले, रिवाज राहिला.

चेतना निंभोरकर लहानपणी याच चौकात हरवली होती. तेव्हा एका अनोळखी बांगडीवालीनं तिचा हात धरून ठेवला होता. त्या हाताला येणारा लाखेचा वास तिला अजून आठवायचा. कढई वाजवणारे तिचे बाबा होते, वासूभाऊ दूधवाले.

वासूभाऊंची कढई म्हणजे परातीएवढी पसरट. संध्याकाळी दूध चढायचं आणि टॉकीजचा शेवटचा खेळ सुटेपर्यंत मंद आचेवर आटत राहायचं. कडेला साय धरायची, ती झाऱ्यानं खरवडून पुन्हा दुधात. लोक घरची पोरंबाळं घेऊन यायचे, टॉकीजच्या पायऱ्यांवर बसून कुल्हड रिकामे करायचे. निवृत्त मास्तरांचा एक कंपू रोज त्याच पायरीवर रोजचाच वाद घालायचा.

मग कॉलेज वाढलं.

आधी ते चौकामागं दोन मजली होतं. मग त्याचं विद्यापीठ झालं. कापडबाजाराची इमारत त्यानं घेतली, तिथं वसतिगृह आलं. लॉज घेतला, तिथं प्रयोगशाळा आली. शेवटी टॉकीज घेतली आणि तिचं वाचनालय केलं. पोरं जगभरच्या कंपन्यांची कामं करत शिकायची, त्यामुळं त्यांना दिवस आणि रात्र सारखीच, आणि शांतता चोवीस तास हवी. नगरपालिकेनं चौकही तीस वर्षांच्या करारानं विद्यापीठाला सांभाळायला दिला. नवी बाकं आली, पण ती विद्यापीठाचं कार्ड टेकवल्याशिवाय उलगडायची नाहीत. गाड्यांपैकी सहा ठेवल्या, ‘वारसा पट्टा’ म्हणून. बाकीच्यांना बायपासजवळ जागा मिळाली, तिथं रात्री कुत्रंही फिरकत नसे.

आणि या सगळ्यावर विद्यापीठानं मौनछत घातलं.

ते डोळ्यांना दिसत नसे. दिसायचे ते फक्त दिव्यांच्या खांबांवरचे भोकाभोकांचे पांढरे डबे. चेतनानं वडिलांना ते समजावलं होतं तेव्हा कढईतल्या दुधाकडेच बोट दाखवलं होतं.

“बाबा, आवाज म्हणजे लाट. वर जाते, खाली येते. समजा या बाजूनं एक लाट आली, आणि ती जिथं वर असते तिथं बरोबर खाली असणारी दुसरी लाट मी समोरून सोडली, तर?”

“तं दूध सांडन.”

“बाबा!”

“बरं बरं. सपाट होईन.”

“तसंच. आवाजावर उलटा आवाज सोडला की शांतता होते. कानात घालायच्या यंत्रात हे कधीचंच आहे. उघड्या चौकात जमत नव्हतं, कारण आवाज येऊन पोचल्यावर त्याचा उलटा बनवायला वेळच उरत नाही.”

“मंग आता कसं जमलं?”

“आता यंत्र आवाज ऐकत नाही, बघतं. तुम्ही झारा मारला की कढई थरथरते. खांबावरचा लेसर ती थरथर वाचतो. प्रकाश विजेसारखा धावतो, आवाज बिचारा पायी निघतो. तो कोपऱ्यावर पोचायच्या आत यंत्रानं त्याचा उलटा बनवून खांबाखांबावरून सोडलेला असतो. तुमच्यापासून चार हातांवर तुमचा आवाज संपतो.”

वासूभाऊंनी झारा मारून पाहिला. मग स्वतःच चार हात मागं गेले आणि पोरीला मारायला लावला. झारा पडताना दिसला. ऐकू काहीच आलं नाही.

“थरथर बघून आवाज मारते,” ते परत येत म्हणाले. “मान्साचा गळा दाबतेत ना, तसं. वरून दिसत नाई.”

चेतना विद्यापीठात याच छताच्या कामावर नोकरीला होती, हे त्या बोलण्यात होतंच. टॉकीजच्या जुन्या प्रोजेक्टर-खोलीत छताचा नियंत्रणकक्ष होता. तिचं काम यंत्राला आवाज शिकवायचं. वर्षभर चौकाचे आवाज साठवले होते, ते एकेक ऐकून तिनं त्यांना नावं द्यायची: वाहन, भांडण, प्राणी, संगीत, भांडी. आणि एक नाव सगळ्यांहून वेगळं, संकट. संकट म्हणून शिकवलेला आवाज छत कधी मारत नसे, उलट तो आला की छत आपोआप उघडायचं, म्हणजे चौकभर आवाज मोकळे व्हायचे, आणि कक्षातल्या बोर्डावर लाल दिवा लागायचा. किंकाळी, रडणं, स्फोट, रुग्णवाहिकेचा भोंगा हे यंत्र जगभरातून आधीच शिकून आलं होतं. राहिलेलं चेतनाच्या हातात होतं.

एका दुपारी हेडफोनमध्ये तिला ते ऐकू आलं. तीन ठोके, श्वास, तीन ठोके. मागच्या उन्हाळ्यात बाजारात मूल चुकलं होतं, तेव्हाचं. तिला नकळत हसू आलं, घरचं माणूस परगावी भेटावं तसं. तिनं लिहिलं: संकट.

दुसऱ्या दिवशी विभागाचे संचालक डॉ. पळसोकर तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. माणूस मऊ बोलायचा.

“चेतना, तुमच्या एका नावामुळं काल तालमीत छत एका संध्याकाळी सदतीस वेळा उघडलं. कोणी तवा खरवडला की उघडतंय. यंत्राला ठोक्यांमधला फरक कळत नाहीये.”

“सर, तो इथला रिवाज आहे. मूल हरवलं की—”

“किती वेळा होतं असं?”

“वर्षातून एकदा. दोनदा.”

“आणि तवे रोज वाजतात. पुढच्या आठवड्यात शेवटची चाचणी आहे. तुमची कायम होण्याची फाइलही त्याच बैठकीत आहे, हे मी वेगळं सांगायला नको. माणूस अडचणीत आला की ओरडतोच ना हो? किंकाळी यंत्राला येते.”

नोकरी कायम झाली तर तिच्या लेकीला, जुईला, विद्यापीठाच्या शाळेत प्रवेश मिळायचा होता. जुईचे पप्पा हैदराबादला, महिन्यातून एकदा येणार. चेतनानं ‘संकट’ खोडलं आणि लिहिलं: भांडी.

संध्याकाळी ती मुद्दाम गाडीवर गेली. “बाबा, नीट ऐका. यापुढं काही झालं तर कढई वाजवू नका. ओरडा. छताला ओरडणं कळतं.”

“मी ओरडू?” वासूभाऊंनी शेजारच्या गाडीकडं पाहिलं. “ऐकलं का, रऊफभाई? आपली पोरगी म्हन्ते बोंबला.”

रऊफचाचा भुर्जीचा तवा पुसत होते. “बोंबलाले आपल्याले येते कुठं, वासू? या चौकात बोंबलनं म्हंजे गिऱ्हाईक बोलावनं.”

“चाचा, मी गंमत नाही करत.”

“बेटी, हात काय इचारून उठते का?” चाचा म्हणाले. “घाबरला का मानूस, हात आपोआप झाऱ्यावर जाते.”

चार वर्षांची जुई दुधाच्या पिंपावर बसून पाय हलवत होती. “आजोबांनी मला शिकवलंय,” ती म्हणाली. “हरवलं तर रडायचं नाही. रडलं की कोणाला कळत नाही. हातात असेल ते वाजवायचं.” आणि तिनं आपली स्टीलची पाण्याची बाटली पिंपावर आपटून दाखवली. टक टक टक. थांबली. टक टक टक.

“शाबास, वाघीन!” आजोबा म्हणाले.

चेतनानं तेव्हाच तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं, नाही बाळा, तू रडायचं, खूप मोठ्यानं रडायचं. पण पोरीच्या तोंडावर इतका अभिमान होता की तिला तो मोडवेना. उद्या सांगू, असं तिला वाटलं. मूल घरात असलं की उद्या सांगायच्या गोष्टी फार साचतात.

छत कायमचं सुरू झालं आणि चौक बदलला. वर्तमानपत्रांनी त्याला देशातला पहिला शांत बाजार म्हटलं. खरी गोष्ट अशी की चौक शांत नव्हता, वाटून घेतलेला होता. कार्डवाल्या पोरापोरींच्या कानात आपापली गाणी असायची. संध्याकाळी शेकडो जण दगडी फरशीवर नाचायचे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ऐकू यायचं ते फक्त आपल्याच श्वासाचं येणं-जाणं. मास्तरांचा कंपू महिनाभर टिकला. मोठ्यानं वाद घालायची सवय असलेल्या माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन वाद घालता येत नाही. पोरंबाळं घेऊन येणारे थांबले, कारण चार हातांपलीकडं गेलेल्या लेकराला हाक पोचायची नाही. वासूभाऊ म्हणायचे, “गिऱ्हाइकाले आता पत्र लिहून बोलवा लागते.” पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सगळे हसले होते.

हिवाळ्यात विद्यापीठाचा उत्सव आला. बाहेरचे पाहुणे छत बघायला येणार होते, त्यामुळं चेतनाला संध्याकाळभर कक्षात बसायचं होतं. जुईला तिनं बाबांजवळ सोडलं, कानटोपी घालून, गळ्यात बाटली अडकवून.

प्रोजेक्टर-खोलीला चौकाकडं उघडणारी एक छोटी खिडकी होती. जुन्या काळी ऑपरेटर तिथून खाली बघत विडी ओढायचा. चेतना मधूनमधून तिथं जायची. खाली माणसांचा समुद्र मुकाट्यानं हेलकावत होता. पलीकडच्या कडेला कढईची वाफ, वाफेमागं बाबा. बोर्डावर सगळे दिवे हिरवे.

एकदा तिनं पाहिलं तर बाबांचा हात वरखाली होत होता. साय खरवडतायत, तिच्या मनात आलं. ती वळलीसुद्धा. मग पावलं थबकली. साय खरवडताना ते वाकतात. आत्ता ते ताठ उभे होते, आणि तोंड वर, तिच्या खिडकीकडं होतं. हात तीनदा पडला. थांबला. तीनदा पडला.

शेजारी रऊफचाचांनी तवा उचलला. मग तिसरी गाडी. सहाही गाड्या एका तालात वाजत होत्या, आणि त्यांच्यापासून चार हातांवर एक मुलगी डोळे मिटून हसत नाचत होती.

दुधाच्या पिंपावर कोणी बसलेलं नव्हतं.

चेतनानं पळसोकरांना फोन लावला. ते पाहुण्यांसोबत व्यासपीठावर होते. “सर, छत बंद करा. माझी मुलगी सापडत नाहीये.”

“बोर्डावर काय दिसतंय?”

“हिरवं. सर, बाबा कढई वाजवतायत.”

पलीकडून तोच मऊ आवाज. “चेतना, शांत व्हा. मूल रडलं असतं तर लाल लागला असता. म्हणजे ते रडत नाहीये, म्हणजे ठीक आहे. मी दोन सुरक्षारक्षक पाठवतो. या क्षणी छत काढलं तर—”

ती रडणार नाही, हे चेतनाला ठाऊक होतं. ती काय करेल, हेही ठाऊक होतं. तिनं फोन टाकला, खोलीबाहेरच्या लोखंडी पेटीचं दार उघडलं आणि मुख्य खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

चौक अंगावर कोसळला. जनरेटरची घरघर, हजार पावलांची फरफर, तवे, पातेली. ती जिने उतरत होती आणि कान एकच आवाज शोधत होते. बाकी सगळं होतं. कढई वाजत नव्हती.

तव्यांचा ठोका ऐकून पोरं गोंधळली. कानातली यंत्रं निघाली, नाच विस्कटला. जुन्या वस्तीतली तुरळक माणसं कडेनं जात होती, ती मात्र होती तिथं थांबली आणि खाली बघू लागली. मग रऊफचाचांनी हात वर केला आणि तवे थांबले.

तेव्हा ऐकू आलं. फरशीखालून. टक टक टक.

छताच्या यंत्रांना थंड ठेवणारं पाणी चौकाखालच्या चरातून फिरायचं. उत्सवाच्या तारा सोडायला चराचं एक झाकण काढून वर प्लायवूडचा तुकडा टाकला होता, तो सरकला होता. जेवणाचे डबे पोचवत चौकात आपोआप फिरणाऱ्या एका चाकांच्या पेटीमागं जुई पळाली होती. चाचांनी प्लायवूड उचललं. खाली काळोखात ती कमरेएवढ्या गार पाण्यात लोखंडी शिडीला एका हातानं धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं बाटली आपटत होती. ओठ निळे. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

चेतनानं तिला उराशी धरलं, स्वेटरच्या आत घेतलं, आणि बाबांना दाखवायला वळली.

वासूभाऊ गाडीमागं पडले होते, झारा हातात तसाच. बायपासजवळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय. थोडं आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले. कढईतलं दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीवर जळालं होतं. त्यांच्यापासून चार हातांवर नाचणारी ती मुलगी दवाखान्याच्या बाहेर बसून राहिली होती. “ताई, खरंच काही ऐकू आलं नाही हो,” ती पुन्हापुन्हा सांगत होती, आणि ते खरंच होतं.

तेराव्यानंतर पळसोकरांनी बोलावलं. चौकशी व्हायची होती. “छत आवाज मारतं, पण नोंद ठेवतं,” ते म्हणाले. “त्या संध्याकाळच्या आवाजांना नावं द्यायची राहिलीत. दुसऱ्या कोणाला द्यायला सांगू शकलो असतो. पण हा चौक तुम्हाला जितका कळतो...” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आधी जे नाव होतं तेच राहिलं, तर सगळ्यांनाच सोपं जाईल. तुम्हालाही. ते नाव तुमच्याच हातचं आहे, चेतना.”

ते गेल्यावर तिनं हेडफोन घातला.

आधी कढई. बाबांचा ठोका तिनं हजारांत ओळखला असता, तिसरा नेहमी थोडा जड. मग तवा, पातेली. आणि या सगळ्यांखाली, अगदी बारीक, स्टीलचा आवाज. टक टक टक. कढई थांबायची तेव्हा बाटली वाजायची, बाटली थांबायची तेव्हा कढई. आजोबा विचारत होते आणि नात सांगत होती, इथं आहे, इथं आहे. त्यांना तिचं ऐकू येत नव्हतं, तिला त्यांचं येत नव्हतं. दोघांचंही ऐकत होतं फक्त यंत्र, आणि ते दोघांनाही नीट, न चुकता, सपाट करत होतं.

मग तिसरा ठोका जड पडेनासा झाला. मग दोनच ठोके. मग एक. मग कढई नाही. बाटली मात्र चालूच होती. थांबायची, वाट बघायची, पुन्हा वाजायची.

चेतनानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग सगळ्या नोंदींवर एकच नाव लिहिलं: संकट. खाली सही केली, आणि आधीचं नावही आपणच दिल्याचं लिहिलं.

पळसोकर म्हणाले होते ते खोटं नव्हतं. यंत्राला फरक कळत नसे. नव्या नावानं छत पुन्हा सुरू झालं आणि पहिल्याच संध्याकाळी रऊफचाचांनी कांदा परतला तरी उघडू लागलं. पंधरवड्यात तोडगा निघाला. आवाज चुकीचा नव्हता, आवाज करणारे चुकीच्या जागी होते. सहाही गाड्या बायपासला गेल्या. भांडीच नाहीत म्हटल्यावर भांड्यांना नाव काय द्यायचं हा प्रश्नच उरला नाही, आणि यंत्रातून ते ‘संकट’ गुपचूप काढलं गेलं. चौकशीत चेतनाचा प्रामाणिकपणा वाखाणला गेला, आणि फाइल बंद झाली, नोकरीसकट.

उन्हाळा लागता लागता ती जुईला घेऊन चौकातून चालली होती. दुसरीकडून रस्ताच नव्हता. वारसा पट्ट्याच्या जागी कुंड्या होत्या. बाकं मिटलेली होती. पोरं येत-जात होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“आई,” जुईनं विचारलं. ती हल्ली अंगाला अगदी चिकटून चालायची. “मी वाजवत होते ना, ते तुला ऐकू आलं होतं?”

“आलं, बाळा.”

“मग तू लगेच का नाही आलीस?”

चेतनाला खूप उत्तरं सुचली. लाटांची, खांबांची, पळसोकरांची. “मला उशिरा ऐकू आलं,” ती म्हणाली.

जुईनं यावर विचार केला. मग आईचा हात सोडून ती कुंड्यांच्या कठड्याशी गेली, गळ्यातली बाटली काढली आणि लोखंडावर मारली. तीन ठोके. श्वास. तीन ठोके. आणि वळून बघत राहिली, आजोबांनी सांगितलं होतं तसे सगळे आता थांबतील म्हणून. एक मुलगा मोबाइलमध्ये बघत तिला वळसा घालून गेला. दोन मुली हसत गेल्या. डब्यांची पेटी चाकांवरून सरपटत गेली. जुई रडली नाही. तिनं पुन्हा बाटली उचलली.

चेतना जागच्या जागी थांबली. तिनं खाली पाहिलं, आणि जवळ जे मूल होतं त्याचा हात धरला.